आईच्या हातचा सण

“पोरांची दिवाळी कशाला नासवतेस? ये की घरी.”

घर सोडून आश्रयगृहात आलेल्या बाईला सणाच्या तोंडावर येणारा फोन हा असा असतो. कधी तो नवऱ्याचा असतो, कधी सासूचा, कधी तिच्या सख्ख्या भावाचाही. मारहाणीचा विषय त्यात निघत नाही. विषय असतो लेकरांचा. त्यांना नवे कपडे कोण घेणार, फराळ कोण करणार, शाळेतल्या पोरांना त्यांनी काय सांगायचं? जी बाई पोलीस ठाण्याची पायरी एकटी चढलेली असते, तीसुद्धा या प्रश्नापुढे डळमळते. घर ख्रिस्ती असेल तर हाच फोन नाताळाआधी येतो, मुसलमान असेल तर ईदेआधी.

आश्रयगृहाला सणासाठी मिळणाऱ्या मदतीकडे मी या फोनच्या बाजूनं बघते. लाडवांचा डबा, मुलाचा नवा शर्ट, नाताळचा केक यांची गणना आपण हौसेमौजेत करतो. मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईच्या बाबतीत मात्र ती तिच्या सुरक्षिततेची गोष्ट असते. लेकरांचा सण इथंही होतो हे तिला दिसलं, की त्या फोनमधला निम्मा जोर जातो.

मुळात ती इथं किती दिवस असते? कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या सहाव्या कलमानुसार बाईनं स्वतः किंवा तिच्या वतीनं संरक्षण अधिकाऱ्यानं विनंती केली, तर आश्रयगृहाच्या प्रमुखानं तिला आसरा द्यायचाच असतो. सतरावं कलम तिला सासरच्या राहत्या घरात राहण्याचा हक्क देतं, मग ते घर कुणाच्याही नावावर असो. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज गेला की पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत घ्यावी आणि तिथून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असंही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना १ एप्रिल २०१५ला सुरू झाली. तिथं मुक्काम पाच दिवसांपर्यंतचा. त्यापुढे लांबचा आसरा देणारी केंद्र सरकारची योजना आधी ‘स्वाधारगृह’ होती, आता ती ‘शक्ती सदन’ नावानं चालते. स्वाधारगृहाच्या नियमांत कौटुंबिक हिंसेतून आलेल्या बाईसाठी एक वर्षाची मर्यादा होती. एका वर्षात प्रत्येक सण एकदा येतो. संक्रांत, गुढीपाडवा, राखी, गणपती, दिवाळी, नाताळ असा प्रत्येक सण तिला तिथं एकदा निभवावा लागे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींत एकीनं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली. ज्यांनी मागितली, त्यांच्यातल्या बहुतेकींनी ती स्वतःच्या माहेरच्यांकडे मागितली. पोलीस आणि वकील यांचे आकडे त्यामानानं अगदीच लहान आहेत. म्हणजे आश्रयगृहात पोचलेली बाई ही बहुधा माहेरचं दार वाजवून आलेली असते. ते उघडलं नाही, किंवा चार दिवसांनी “आता नांदायला जा” म्हणून बंद झालं, म्हणून ती इथं आहे. दिवाळीत लेकीबाळी एसटीनं माहेरी निघतात, वाई, कऱ्हाड, विटा, जतच्या गाड्यांना उभं राहायला जागा मिळत नाही. त्या गर्दीत ती नसते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना हा विषय नवा नाही. साताऱ्यातल्या खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे सावित्रीबाईंचं जन्मगाव, आणि खटाव तालुक्यातलं कटगुण हे फुले घराण्याचं मूळ गाव. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले या दांपत्यानं १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथं येऊन गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवून जायचं ते त्यांनीच ठरवावं, अशा जाहिराती त्यांनी गावात लावल्या. पुढच्या काही वर्षांत तिथं सुमारे ३५ स्त्रिया आल्या. आजच्या आश्रयगृहाच्या तीन गोष्टी तिथं होत्याच: दार उघडं, नाव गुप्त, निर्णय तिचा. लंडनमध्ये एरिन पिझ्झी यांनी चिझिकला काढलेलं आश्रयगृह या चळवळीच्या आधुनिक इतिहासात पहिलं म्हणून सांगितलं जातं. ते साल होतं १९७१.

पुढे ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळात, १९४३ नंतर, सातारा जिल्ह्यातल्या गावोगावच्या न्यायदान मंडळांनी बायकोला छळणाऱ्या आणि टाकून देणाऱ्या नवऱ्यांनाही जाब विचारला. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा याच जिल्ह्यात होता. त्याच लढ्यातल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांनी उतारवयात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला. ‘टाकलेली बाई’ हा शब्द गावात शिवीसारखा वापरला जात होता, त्या काळात या बायका मोर्चे काढून स्वतःच्या नावाची शिधापत्रिका, घरासाठी जागा आणि पोटगी मागत होत्या.

शिधापत्रिकेचा मुद्दा सणाला थेट येऊन भिडतो. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारनं ‘आनंदाचा शिधा’ दिला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. करंज्या-लाडू होतील एवढं सामान. ते मिळालं शिधापत्रिकेवर. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं शिधापत्रिकेवर घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख केलं, ही चांगलीच गोष्ट. पण एकत्र कुटुंबात ज्येष्ठ स्त्री म्हणजे सासू. रात्री पोरांना घेऊन बाहेर पडलेल्या सुनेचं नाव त्या पत्रिकेवर खाली कुठंतरी असतं आणि पत्रिका सासरच्या कपाटात. तिच्या वाट्याचा रवा आणि तिच्या लेकराची साखर त्या दिवाळीत त्याच घरात गेली असणार. अशा ठिकाणी समाजाच्या मदतीचं काम सुरू होतं, आणि ते कुणी उपकार म्हणून करू नये. तिचाच वाटा दुसऱ्या रस्त्यानं तिच्यापर्यंत आणायचा आहे.

सणाच्या निमित्तानं परक्या बाईसाठी पैसे काढून ठेवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. त्या संस्थेचा ‘भाऊबीज निधी’ मराठी मध्यमवर्गानं पिढ्यान्‌पिढ्या भरला आहे. दिवाळीत कार्यकर्त्या पावतीपुस्तक घेऊन दारोदार जातात, घरातला पुरुष हिंगण्यातल्या न पाहिलेल्या बहिणीच्या नावानं ओवाळणी घालतो. या संस्थेच्या कन्याशाळा साताऱ्यात आणि वाईतही आहेत, त्यामुळे ही पावती इकडच्या घरांनाही ठाऊक आहे. मला या कल्पनेत सर्वात भावतं ते तिचं नाव. घेणारी याचक राहत नाही, बहीण होते. ओवाळणी हा बहिणीचा हक्क असतो, ती मागायला तिला संकोच वाटत नाही आणि दिल्याबद्दल भावाला मोठेपणा मिळत नाही.

साताऱ्याच्या मातीतली दुसरी रीत मुठीची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ला साताऱ्यात वसतिगृह काढलं. त्यासाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा होत असे. आणि एकदा मुलांच्या जेवणाला पैसे उरले नाहीत, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिन्यांपाठोपाठ मंगळसूत्रही दिलं. मुठीच्या रीतीत एक शहाणपण आहे. ती वर्षभर चालते. रोज दळणाआधी एक मूठ बाजूला. सणाच्या एका दिवशी पोतं आणून टाकण्यापेक्षा वसतिगृहाच्या कोठीला ती जास्त पुरते.

नाताळाची गोष्ट या भागात वाटते तितकी परकी नाही. अमेरिकन मराठी मिशन साताऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच आलं. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचं रुग्णालय १८९४ साली उभं राहिलं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आयुष्याची शेवटची वर्षं साताऱ्यात काढली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा तिथंच भरवला. इथल्या मराठी ख्रिस्ती घरात नाताळाला केकाबरोबर करंज्या, चकल्या, अनारसे होतात आणि फराळाची ताटं शेजारी जातात.

आणि नाताळाची मूळ कथा काय आहे? दिवस भरलेली एक बाई, सोबत नवरा, रात्र झालेली, आणि उतारशाळेत जागा नाही. बाळ जन्मतं ते गुरांच्या गोठ्यात, गव्हाणीत.

पुण्याजवळच्या ‘माहेर’ संस्थेचा जन्म अशाच एका नाकारलेल्या रात्रीतून झाला. सिस्टर ल्यूसी कुरियन मूळच्या केरळच्या, पुण्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये काम करणाऱ्या. १९९१ साली एक गरोदर बाई त्यांच्याकडे आसरा मागायला आली. नवरा जीव घेईल, असं तिनं सांगितलं. ठेवून घ्यायची परवानगी त्यांच्या हातात नव्हती, म्हणून त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्याच रात्री नवऱ्यानं तिला पेटवलं. ती आणि पोटातलं मूल दोघंही गेली. ही हकीकत सिस्टर ल्यूसींनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे, स्वतःला त्यातून न वगळता. १९९७ साली शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला त्यांनी ‘माहेर’ सुरू केलं. आज त्याची घरं महाराष्ट्रात आणि केरळ, झारखंडसारख्या राज्यांतही आहेत, आणि संस्थेच्या कामाला केंद्र सरकारचा नारीशक्ती पुरस्कारही मिळाला आहे. तिथं सर्व धर्मांचे सण होतात. दिवाळीचे दिवे आणि नाताळचा गोठा एकाच घरात मांडला जातो. संस्थापिका ख्रिस्ती धर्मभगिनी असूनही नाव ठेवलं ते माहेर. भारतातल्या कुठल्याही आश्रयगृहाला याहून अचूक नाव सुचेल असं मला वाटत नाही.

सगळ्यांचे सण करण्यामागे एक जुना धडाही आहे. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झालं. अमेरिकेत गावोगावी मंडळं निघाली, लोकांनी लहान लहान वार्षिक वर्गणी दहा वर्षं द्यायचं कबूल केलं, आणि त्या पैशातून १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं. विधवांना आसरा आणि शिक्षण देणारं हे घर दूरदेशीच्या अनोळखी माणसांच्या देणग्यांवर चाललं. पण सदन पुण्याला हलल्यावर १८९३ साली तिथं मुलींच्या धर्मांतराची शंका उठली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोण किती बरोबर यावर अजून लिहिलं जातं. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं, की आसऱ्याला आलेल्या बाईच्या मनात देणाऱ्याच्या हेतूबद्दल जराही शंका राहू नये. सासरी तिनं प्रत्येक घासाचा हिशोब दिलेला असतो. इथल्या केकाचा किंवा लाडवाचा हिशोब तिला द्यावा लागता कामा नये, ना धर्माच्या रूपात, ना कृतज्ञतेच्या भाषणाच्या.

आता प्रत्यक्ष देण्याकडे येते. पहिली गोष्ट मुलांच्या भेटींची. साधारण चित्र असं असतं: पाहुणे येतात, मुलं रांगेत बसतात, प्रत्येकाच्या हातात एकेक पुडा पडतो, टाळ्या होतात. आया मागे भिंतीला उभ्या. त्या क्षणी मुलाला काय दिसतं? बाबा नाहीत, आई काही देऊ शकत नाही, परके लोक देतात. ज्या घरातून ते मूल आलं, तिथं आईची किंमत शून्य आहे हे त्यानं रोज पाहिलेलं असतं. आपण नकळत तेच चित्र पुन्हा मांडतो. परदेशातल्या अनेक आश्रयगृहांनी यावर सोपा तोडगा काढला आहे. नाताळाआधी एका खोलीत खेळणी, पुस्तकं, कपडे दुकानासारखे मांडतात. आई आत जाते, आपल्या पोराला काय आवडतं ते तिला ठाऊक असतं, ती निवडते, स्वतः रंगीत कागदात बांधते. सकाळी मूल पुडा सोडतं, तेव्हा तो आईनं दिलेला असतो. देणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. आपल्याकडे दिवाळीला हे करायला काहीच लागत नाही. एक खोली, चार टेबलं आणि आधी मुलांची मापं विचारून घेतलेली यादी, बस.

फराळाचंही तसंच. तयार डबे द्यायला हरकत नाही, पण शक्य असेल तिथं रवा, डाळीचं पीठ, तूप, तेल, खोबरं द्यावं आणि दोन दिवस स्वयंपाकघर बायकांच्या ताब्यात द्यावं. जतची बाई कडाकण्या करील, कोयनेकाठची तांदळाचे घावन, मिरजेची एखादी नाताळाच्या करंज्या. “आमच्यात असं करतात” हे वाक्य त्या घरात ऐकू येणं फार महत्त्वाचं असतं, कारण ती सासरी असताना तिच्यात काय करतात हे कुणी विचारलेलं नसतं.

मुलांना एकसारखे फ्रॉक आणि शर्ट देऊ नयेत. घाऊक घेतले की स्वस्त पडतात हे खरं, पण शाळेत तेच कपडे घालून आठ मुलं आली, की ती कुठं राहतात हे वर्गाला न सांगता कळतं.

आणि बाईसाठी? देणगीच्या सामानात तिचा वाटा सर्वात कमी असतो, फार तर एखादी साडी. टोरांटोमध्ये २०११ साली एका कुटुंबातल्या चौघींनी सुरू केलेला उपक्रम इथं आठवतो. बुटांच्या खोक्यात साधारण पन्नास डॉलरपर्यंतच्या वस्तू भरायच्या, क्रीम, मोजे, चॉकलेट अशा, सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी, आणि सणाच्या दिवसांत ती खोकी आश्रयगृहातल्या बायकांना द्यायची. गरजेपलीकडचं, फक्त तिच्यासाठी असं काहीतरी. आपल्याकडे त्या खोक्यात सुवासिक तेल, उटणं, बांगड्या, टिकल्यांचं पाकीट, महाबळेश्वरची या दिवसांत येऊ लागलेली स्ट्रॉबेरी असं काहीही चालेल. बांगड्या भरायच्या की नाही, कुंकू लावायचं की नाही, ते तिचं ती ठरवील.

गुप्ततेचा मुद्दा मात्र सर्वांत कडक आहे. धनादेश देतानाचा फोटो, मागे संस्थेची पाटी, पुढे मुलं, आणि तो गटाच्या व्हॉट्सॲपवर. इतक्यानं नवऱ्याला पत्ता मिळू शकतो. बालन्याय कायद्याचं ७४वं कलम संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख माध्यमांतून उघड करायला मनाई करतं. दात्यानं सामान कार्यालयात पोचवावं, पावती घ्यावी आणि निघावं. मंडळाच्या अहवालात रक्कम लिहावी, चेहरे नकोत. २०१९च्या महापुरात सांगलीनं मदत घेण्याची बाजूही अनुभवली आहे. हात पुढे केलेला असताना कुणी फोटो काढला की काय वाटतं, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये.

एका गोष्टीवर मला थांबावंसं वाटतं, कारण ती देणाऱ्यांना माहीत नसते. स्वाधारगृहाच्या नियमांत आईबरोबर मुलगी १८ वर्षांपर्यंत राहू शकत होती, मुलगा मात्र आठ वर्षांपर्यंतच. शक्ती सदनात ही मर्यादा बारापर्यंत वाढली. त्याहून मोठा मुलगा बालगृहात जातो. इतर बायकांच्या संकोचाचा विचार करून हा नियम झाला, त्यामागचं कारण समजतं. पण त्याचा अर्थ असा, की बापाच्या मारातून एकत्र सुटलेली बहीणभावंडं आसऱ्याच्या दारात वेगळी होतात. बहीण साताऱ्यात, भाऊ दुसऱ्या गावी. भाऊबीजेला त्यांची भेट घडवायची तर बाल कल्याण समितीची परवानगी लागते, सोबत जाणारं माणूस लागतं, जायचं-यायचं भाडं लागतं, आणि दुपारचं जेवण. एखाद्या भिशीमंडळानं दिवाळीला नक्की काय द्यावं असं विचारलं, तर मी आधी हे सांगेन. अधीक्षिकेला विचारा, कुणाचा भाऊ कुठं आहे. अर्ज महिनाभर आधी करावा लागेल.

दिवाळी-नाताळ संपला की देणाऱ्यांचा ओघ आटतो. येणाऱ्या बायका मात्र ठरलेल्या ऋतूत येत नाहीत. अंगावरच्या कपड्यानिशी मध्यरात्री आलेल्या बाईला लागतात आतले कपडे, सॅनिटरी पॅड, चप्पल, कंगवा, टूथब्रश, लेकरासाठी दूध आणि दुपटं. अशा पिशव्या भरून कपाटात तयार असाव्या लागतात, ऑगस्टमध्येही. जूनमध्ये वह्या-दप्तरं लागतात. शाळेचा दाखला जुन्या गावी अडकला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षणहक्क कायदा सांगतो, पण गणवेशाला पैसे लागतातच. आणि मुक्कामाची मुदत संपत आली, की लागते भाड्याच्या खोलीची अनामत.

३ जानेवारीला नायगावात सावित्रीबाईंच्या जयंतीला राज्यभरातून माणसं येतात. नाताळ होऊन तेव्हा नऊ दिवस झालेले असतात. त्या आठवड्यात एखाद्या आश्रयगृहातली एखादी बाई खोली बघत फिरत असते. घरमालक पहिला प्रश्न विचारतो तो नवरा काय करतो हा, दुसरा अनामतीचा. पहिल्याचं उत्तर द्यायला ती वर्षभरात शिकलेली असते. दुसऱ्यासाठी तिला तीन महिन्यांचं भाडं हवं असतं, एक शेगडी, एक कुकर, दोन चादरी, आणि दाराला आतून लागणारी भक्कम कडी.